सीएनजीची वॅगन आर, मागे सिलिंडर: सबवूफर ठेवायचा तरी कुठे?

ठेकेदार_चिंचवड · शुक्रवार, रात्री १०:४०

मंडळी, गाडी २०१६ ची वॅगन आर, कंपनीच्याच सीएनजीची. रोज चिंचवड ते हिंजवडी आणि परत, म्हणजे दिवसाचे दोनेक तास गाडीतच जातात. गेली सहा वर्षं मी तबला शिकतोय, त्यामुळे हे दोन तास ऐकण्याचेच. पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर बसवलेत. तबल्याची चाट स्वच्छ येते, डग्गा (डाव्या हाताचा, खालच्या सुराचा) मात्र नुसता 'टप' वाजतो. 'घे' या बोलावर मनगट सरकलं की जी मींड, म्हणजे सलग चढणारा सूर, निघते, ती कुठेच सापडत नाही. विलंबित ठेका ऐकताना अर्धा वादक गायब असतो.

मागच्या वर्षी एका दुकानात बेस ट्यूब, म्हणजे नळकांड्यातला सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर), बसवून घेतली. त्यांनी ती सिलिंडरच्या डोक्यावर पट्ट्याने बांधून दिली. मला पुढे एकच सूर घुमायचा, बाकीचे जणू नव्हतेच. आई मागे बसते, तिचं डोकं दुखायला लागलं. सिलिंडरच्या तपासणीला गेलो तर तिथल्या माणसाने आधी ट्यूब सोडवायला लावली, कारण व्हॉल्व्हपर्यंत हातच पोचत नव्हता. तेव्हापासून ती घरात पडून आहे.

आता घाई करायची नाही. अटी सांगतो. आईचे गुडघे दुखतात, तेव्हा मागच्या सीटपुढची पाय ठेवायची जागा अडवायची नाही. बाजारच्या दोन पिशव्या मागे मावल्या पाहिजेत. सिलिंडरला, पाइपला धक्का नको. मला दणका नको, डग्गा हवा आहे.

मापं: सिलिंडर ते मागचं दार, तळाशी २१ सेंमी. पुढच्या डाव्या सीटखालचा ट्रे काढला तर रुळांच्या मध्ये ३४ सेंमी, खोली ३८, उंची १२. कुठे ठेवू?

पेटारा_कोल्हापूर · शुक्रवार, रात्री ११:२५

मापं घेऊन आलात, निम्मं काम झालं बघा. माझ्याकडे लोक येतात ते "बारा इंची टाका" म्हणत येतात, जागा किती ते नंतर बघू.

आधी एक गोष्ट पक्की करा. डिकीच्या पत्र्यात एकही नवीन भोक पाडायचं नाही. सीएनजीची पोलादी नळी गाडीच्या तळाखालून पुढे जाते, आणि भरलेल्या टाकीत २०० बार दाब असतो. स्क्रू किती आत गेला हे वरून दिसत नाही. मी सीएनजीच्या गाडीत बॉक्स कधीच तळाला ठोकत नाही. आधीचे हुक, आधीचे बोल्ट, त्यांनाच पट्टा. शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) करावीच लागते, तेव्हा बॉक्स पाच मिनिटांत बाहेर आला पाहिजे. वायरीला मधे कनेक्टर द्यायचा.

आता तुमचे २१ सेंमी. ४५ रुंद, ३८ उंच, १५ जाड असा उभा चपटा बॉक्स बसेल. १८ मिमीचं प्लाय धरलं तर आतून ४१.४ × ३४.४ × ११.४, म्हणजे १६.२ लिटर. स्पीकरने खाल्लेली जागा वजा करून १५ धरा. चपट्या १० इंची वूफरला बंद पेटीत एवढं चालून जातं. तोंड दाराकडे करायचं. दार आणि वूफरच्या कोनच्या (पुढच्या पडद्याच्या) मध्ये ६ सेंमी राहतात, त्याहून कमी नको.

पेटारा_कोल्हापूर · शुक्रवार, रात्री ११:३१

एक राहिलं. वरच्या हिशेबात तुमच्या दोन पिशव्या मात्र बसत नाहीत.

बारा_इंची · शनिवार, सकाळी ८:०५

माझा अनुभव वेगळा आहे. माझी पेट्रोल स्विफ्ट, मी एकटाच फिरतो. मागची सीट पाडून १२ इंची, पोर्टचा (हवेसाठी भोक ठेवलेला) बॉक्स ठेवलाय. लहान सबवर पैसे घालवू नका असं मनापासून सांगतो. ८ इंचीतून ३० हर्ट्झचा (सेकंदाला ३० कंपनांचा) खोल सूर जोरात ऐकू येणं अवघड.

मलाही एक कोडं पडलंय. बॉक्स मागच्या दाराला टेकवून ठेवला की ठोका छातीत बसतो. तोच पुढे ओढून माझ्या सीटच्या पाठीला लावला, म्हणजे माझ्या जवळ आणला, की ठोका हरवतो. जवळ आणून आवाज कमी कसा होतो?

लाटमोजणी · शनिवार, सकाळी ९:५०

या कोड्यातच धाग्याचं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी नाशिकला असते, कामच ध्वनीच्या मोजमापाचं.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. ४० हर्ट्झची एक लाट ८.६ मीटर लांब, ८० हर्ट्झची ४.३ मीटर. आणि लहान गाडीची आतली लांबी, पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत, धरा २.४ मीटर. ४० हर्ट्झची लाट गाडीत मावतच नाही. वूफर पुढे आला की अख्ख्या गाडीतली हवा एकदम दाबली जाते, सायकलच्या पंपात दाबली जाते तशी. अशा वेळी वूफर कुठे आहे याने फारसा फरक पडत नाही. लहान गाडीत घरातल्यापेक्षा खालचा बेस आपोआप जास्त मिळतो तोही याचमुळे.

ही स्थिती कुठपर्यंत? लाटेची अर्धी लांबी गाडीच्या लांबीएवढी होते तिथपर्यंत. ३४४ भागिले ४.८, म्हणजे ७२ हर्ट्झच्या आसपास. त्याच्या जवळ आणि वर गेलं की लाट पुढे-मागे आपटून परत येते आणि गाडीत आवाजाचे डोंगर आणि खड्डे तयार होतात. तिथे जागेला महत्त्व येतं.

बारा_इंची, तुमचा बॉक्स पुढे ओढल्यावर मागच्या दारापासून साधारण १ मीटरवर येतो. त्याचा आवाज मागे दारापर्यंत जाऊन परत येतो, म्हणजे २ मीटरचा जादा प्रवास. ८६ हर्ट्झच्या लाटेची अर्धी लांबी बरोबर २ मीटर. परत आलेली लाट मूळ लाटेच्या उलट पडते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. ठोक्याचा दणका जिथे असतो तिथेच हा खड्डा पडतो. बॉक्स दाराला चिकटवला की हे अंतर १०-१५ सेंमी होतं, खड्डा ६०० ते ८५० हर्ट्झच्या आसपास जातो, आणि तिथे सब वाजतच नाही.

आता ठेकेदार, एक काम करा. तुमच्या डग्ग्याचा सूर फोनवरच्या ट्यूनरने मोजा. मोकळा किती आणि दाबल्यावर कुठपर्यंत जातो ते सांगा.

ठेकेदार_चिंचवड · शनिवार, सकाळी ११:१५

ताई, लगेच मोजला. मोकळा ८२ हर्ट्झ. मनगट पुढे सरकवत नेलं की ११५-१२० पर्यंत चढतो.

लाटमोजणी · शनिवार, सकाळी ११:४०

मग तुमचं अख्खं गणित ८० ते १२० मध्ये आहे, म्हणजे जिथे जागा बदलली की आवाज बदलतो तिथेच. बारा_इंचींचं ३० हर्ट्झचं म्हणणं त्यांच्या गाण्यांसाठी योग्य आहे, तुम्हाला मात्र ३० ची गरजच नाही.

आणि बेस ट्यूबचं कोडंही इथेच सुटतं. वूफर मागच्या टोकाला असला की ७२ च्या आसपासचा सूर गाडीच्या दोन्ही टोकांना फुगतो, मध्यावर फुगत नाही. तुमचं डोकं गाडीच्या मध्याजवळ, आईचं मागच्या टोकाजवळ. तुम्हाला कमी वाटतं म्हणून तुम्ही वाढवता आणि सगळा फुगवटा त्यांच्या कानाशी.

लाकूड कापण्याआधी मोजा. कोणाचा तरी चपटा सब उसना आणा, लांब वायरीवर दोन्ही जागी ठेवून बघा. काचा बंद, इंजिन बंद, दारांतले स्पीकर बंद. ४०, ५०, ६३, ८०, १०० हर्ट्झचे सूर एकाच आवाजावर वाजवा. फोन कानाच्या उंचीवर धरा, आधी तुमच्या सीटवर, मग आईच्या. फोनचा माइक खालचे सूर कमी दाखवतो, त्यामुळे आकडा खरा नसेल, पण एकाच फोनने एकाच सुराची दोन जागांची तुलना मात्र खरी असते.

पनवेल_टूरवाला · शनिवार, दुपारी २:१०

मी टूरची गाडी चालवतो, सीटखाली सब गेली चार वर्षं आहे. मोजमापातलं मला कळत नाही, वापरातलं सांगतो.

पाऊस. जून ते सप्टेंबर पॅसेंजर ओल्या चपलांनी येतात, पाणी कार्पेटखाली मुरतं. शिवाय एसीची पाण्याची नळी तुंबली की पाणी डाव्या बाजूलाच उतरतं. माझा पहिला सब असाच खालून कुजला. दुसरा बसवताना खाली चारही कोपऱ्यांत रबराचे गट्टू दिले, दीड सेंमी उंच. त्याखालून हवा खेळते, अ‍ॅम्पही तापत नाही.

ड्रायव्हरच्या सीटखाली अजिबात ठेवू नका. ब्रेक मारल्यावर सुटून पुढे आला तर सरळ पेडलखाली जातो. डाव्या सीटखालीही नुसता ठेवू नका, पट्टीने सीटच्या रुळाच्या बोल्टला धरा. आणि सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे करून बघा, कुठे घासत नाही ना.

तिसवाडी · शनिवार, दुपारी ४:३०

गोव्यातून. पेटारा यांच्या प्लायला माझं अनुमोदन. एमडीएफचा बॉक्स केला होता, दुसऱ्या पावसाळ्यात तळाच्या कडा फुगून पावासारख्या झाल्या, सांध्यातून फुस्स आवाज यायला लागला. समुद्राकाठी राहत असाल तर मरीन प्लायच घ्या, आणि कापलेल्या कडांना आतून-बाहेरून पॉलिश द्या.

ठेकेदार_चिंचवड · रविवार, संध्याकाळी ६:२०

आज अख्खी दुपार याच कामात गेली. मित्राच्या गाडीतला ८ इंची चपटा, आत अ‍ॅम्प्लिफायर असलेला अ‍ॅक्टिव्ह सब काढून आणला. बायको फोन धरून मागे बसली, मी पुढे. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये ४० हर्ट्झ लावल्यावर शेजारचे काका बघायला आले, त्यांनीच मग आकडे (डेसिबलमध्ये) लिहून घेतले.

सब मागच्या दाराजवळ, डाव्या कोपऱ्यात:
माझी सीट – ४० ला ७४, ५० ला ७८, ६३ ला ८१, ८० ला ८०, १०० ला ७४.
आईची सीट – ४० ला ७४, ५० ला ८१, ६३ ला ८८, ८० ला ८९, १०० ला ८२.

सब डाव्या सीटखाली:
माझी सीट – ४० ला ७४, ५० ला ७७, ६३ ला ७३, ८० ला ७९, १०० ला ८१.
आईची सीट – ४० ला ७३, ५० ला ७७, ६३ ला ८०, ८० ला ८१, १०० ला ७९.

४० ला चारही आकडे जवळजवळ सारखे आले तेव्हा ताईंचा सायकलचा पंप डोळ्यांसमोर आला. आणि ८० ला मागून वाजवलं की आईला माझ्यापेक्षा ९ डेसिबल जास्त. वर्षभर ती हे सहन करत होती आणि मी "आवाज एवढा कुठे आहे" म्हणत होतो. मला फार वाईट वाटलं.

सीटखाली ६३ ला खड्डा दिसतो. तो का?

लाटमोजणी · रविवार, रात्री ८:००

छान मोजलंत. सीटखालच्या सबपासून मागचं दार किती लांब आहे?

ठेकेदार_चिंचवड · रविवार, रात्री ८:१२

टेप लावली. १.३ मीटर.

लाटमोजणी · रविवार, रात्री ८:३०

मग तोच नियम. १.३ जाऊन १.३ परत, २.६ मीटर. अर्धी लाट २.६ म्हणजे पूर्ण लाट ५.२, म्हणजे ६६ हर्ट्झ. तुम्ही मोजलेल्या सुरांत त्याला सर्वांत जवळचा ६३, म्हणून खड्डा तिथे दिसला. सब तुमच्या कानापासून जवळ आहे, मागे सीटचा फोम आवाज शोषतो, म्हणून खड्डा फार खोल नाही.

तो बुजवायच्या मागे लागू नका. इक्वलायझरने ६३ वाढवलं तर परत येणारी लाटही तेवढीच वाढते, खड्डा तसाच राहतो आणि अ‍ॅम्प दमतो. त्यापेक्षा सब सीटखाली जमेल तितका पुढे सरकवा. १० सेंमी पुढे गेलात तर अंतर १.४ मीटर, खड्डा ६१ वर जातो. डग्गा ८२ पासून वर आहे, तेव्हा खड्डा खाली सरकणं तुमच्या सोयीचंच. शिवाय दारातले स्पीकर लागले की त्यांचा आवाज दुसऱ्या जागेहून येतो, तोही थोडी भर घालेल.

बारा_इंची · रविवार, रात्री ९:१५

ताई, मीही दोनदा वाचून मग गाडीत जाऊन बघितलं. बॉक्स दाराला, तोंड दाराकडे, मागे १२ सेंमी सोडले. ठोका परत आला. दोन वर्षं मी तीन वेळा वूफर बदलला होता यासाठी. मनापासून आभार.

ठेकेदार, तुमचे आकडे बघून पटलं की तुमच्या गाडीला सीटखालचाच बरा. माझं मत मागे घेतो.

वायरमन_सोलापूर · रविवार, रात्री १०:०५

जागेचं ठरलं दिसतंय, आता वायरीकडे या. सीएनजीची गाडी आहे, इथे 'चालतंय की' म्हणायचं नाही.

एक, बॅटरीपासून निघालेल्या लाल वायरीवर फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा, फार तर ४५ सेंमीवर. सबच्या अंगावरचा फ्यूज सबला वाचवतो. बॉनेटमध्ये वायर घासून पत्र्याला लागली तर गाडीला वाचवणारा फ्यूज हा बॅटरीजवळचा. बरेच जण तो डॅशबोर्डखाली हात पोचतो म्हणून तिथे लावतात, ते चुकीचं आहे.

दोन, वायरीची जाडी. तुमचा सब खऱ्या १०० ते १२५ वॉटचा असेल तर पूर्ण जोरात १२ अँपिअरच्या आसपास ओढेल. १५ चा फ्यूज, ४ चौरस मिमीची शुद्ध तांब्याची वायर पुरते. स्वस्त किटमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, तीच जाडी बघून घेतली तर ती जास्त तापते. टोक खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर परत करा.

तीन, अर्थिंग. सीटच्या बोल्टला वायर गुंडाळू नका. त्यावर रंग असतो, आणि तो बोल्ट सीटच्या सुरक्षेसाठी आहे. जवळच कारखान्याने दिलेला अर्थिंगचा बोल्ट शोधा. पत्रा घासून उघडा करा, रिंग टर्मिनल दाबून लावा, वर गंजरोधक लावा.

चार, सीएनजी किटच्या कुठल्याही वायरीतून लाइन काढायची नाही. आणि सीटखाली पिवळ्या आवरणाची वायर दिसली तर ती एअरबॅगची किंवा बेल्टची. तिला हातही लावू नका.

पॉवरची वायर एका बाजूने आणि आवाजाची दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर रेस दिल्यावर 'कुंईऽऽ' असा सूर येईल. तबला ऐकणाऱ्याला तो सहन होणार नाही.

अर्टिगावाली_ठाणे · सोमवार, सकाळी ७:४०

वाचते आहे, फार उपयोगी धागा. सीटखालचे तयार सब कुठले येतात?

पेटारा_कोल्हापूर · सोमवार, सकाळी ९:१०

जेबीएल, पायोनियर, सोनी, या सगळ्यांचे ८ इंची चपटे अ‍ॅक्टिव्ह येतात, उंची ७ सेंमीच्या आसपास. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला वॉटचा आकडा बघू नका, बारीक अक्षरातला आरएमएस (सलग मिळणारे खरे वॉट) बघा. पेट्रोल गाडीत स्टेपनी तळात झोपलेली असेल तर जेबीएलचा स्टेपनीच्या रिंगमध्ये बसणाराही आहे, ११ इंची. सीएनजीच्या गाडीत स्टेपनी बहुतेक वेळा जागा बदलते, तेव्हा तो विचार सोडा.

मी पेट्या करून विकतो, तरी या गाडीला माझी पेटी नको म्हणून सांगतो. आई मागे बसते म्हटल्यावर दुसरं काही सांगणं बरोबर होणार नाही.

डिझायर_लातूर · सोमवार, दुपारी १:००

मधेच विचारतो, माफ करा. सेडानमध्ये काय? डिकीत दणदण वाजतं, बाहेर उभं राहिलं तर ऐकू येतं, आत काहीच नाही.

पेटारा_कोल्हापूर · सोमवार, दुपारी १:२०

सेडानची डिकी ही वेगळी खोली आहे. मधे सीटची पाठ आणि पत्रा. वूफर मागे, दिव्यांच्या बाजूला तोंड करून अगदी शेवटी ठेवा. मागच्या सीटच्या मधला आर्मरेस्ट पाडून ऐका, फरक पडला तर समजा आवाजाला वाट हवी आहे. आणि नंबर प्लेटच्या मागे फोमची पट्टी लावा, बाहेर ऐकू येणारा बराच आवाज तिचाच असतो.

ठेकेदार_चिंचवड · पुढचा रविवार, रात्री ९:३०

बसवला. शनिवारी सकाळी सुरुवात केली, संध्याकाळी साडेपाचला संपलं.

डाव्या सीटखालचा ट्रे काढून ठेवला. सब रुळांच्या मध्ये आडवा, जमेल तितका पुढे, मागच्या दारापासून १.३८ मीटरवर. खाली दीड सेंमीचे रबराचे गट्टू, वर सीटच्या सांगाड्यापर्यंत साडेतीन सेंमी मोकळे. दोन बाजूंनी लोखंडी पट्ट्या. फ्यूज बॅटरीपासून ३० सेंमीवर. लाल वायर उजव्या दाराच्या कडेने आणून सीटखाली आडवी नेली, आवाजाची मधल्या कन्सोलखालून. कुंई सूर नाही. मागे पाय ठेवायला आधी होती तेवढीच जागा आहे, पिशव्याही मावतात.

सब चालू केल्यावर पहिला अर्धा तास फक्त खडखड शोधण्यात गेला. डाव्या बेल्टचं बकल, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण आणि दारातली पाण्याची बाटली. बकलला मखमली पट्टी चिकटवली, झाकणाला फोम, बाटलीची जागा बदलली.

मग ताई, तुम्ही आधी लिहिलं नव्हतं ते एक करून बघितलं. सबचं फेजचं (लाट उलटवायचं) बटण ० वर ठेवून ८० हर्ट्झचा सूर दारातले स्पीकर आणि सब दोन्हीतून वाजवला, मग बटण १८० वर. ० ला ७७ आला, १८० ला ८२. म्हणून १८० ठेवलं. हे बरोबर केलं ना?

लाटमोजणी · पुढचा रविवार, रात्री १०:०५

अगदी बरोबर. सब आणि दारातले स्पीकर जिथे एकमेकांना भेटतात तो सूर वाजवायचा आणि जोरात येईल ती बाजू ठेवायची. दोघांची तोडणी (कुठल्या सुरापर्यंत कोण वाजणार ती हद्द) कितीवर ठेवलीत?

ठेकेदार_चिंचवड · पुढचा रविवार, रात्री १०:२०

दारातले ८० च्या खाली कापले. सब आधी ८० वर कापला होता, तेव्हा मींड चढताना मधेच बारीक व्हायची. ११० वर नेला, आता मींड सलग येते. सब मागे असता तर ११० वर आवाज मागून येतोय हे लगेच कळलं असतं. सीटखालून कळत नाही, डग्गा तबल्याच्या शेजारीच वाजतो.

गेन (सबचा जोर ठरवणारं बटण) निम्म्याच्या खाली आहे. त्याहून वर नेला की डावी सीट थरथरते, बायकोने लगेच सांगितलं.

मागच्या सीटवर आईला बसवून सगळे सूर पुन्हा मोजले. ८० ला तिच्याकडे ८३, माझ्याकडे ८२.

पनवेल_टूरवाला · पुढचा रविवार, रात्री १०:४५

झकास. पहिल्या मोठ्या पावसानंतर सीट मागे सारून कार्पेट हाताने दाबून बघा. ओल लागली तर आधी एसीची नळी.

अर्टिगावाली_ठाणे · पुढचा रविवार, रात्री ११:१०

माझीही सीएनजीच. तिसऱ्या रांगेत मुलं बसतात, म्हणजे सिलिंडरला अगदी लागून. आज मुलगा म्हणाला, "आई, गाण्यात मागे फार दुखतं." आधी वाटलं हट्ट करतोय. सध्या सब मागच्या दाराजवळ आहे. कुठे हलवू?

लाटमोजणी · पुढचा रविवार, रात्री ११:२५

ताई, आधी आजच सबचा गेन अगदी खाली करा, मुलाचे कान आधी. मग उद्या उजेडात तीन मापं घ्या: पुढच्या डाव्या सीटखालची उंची, तिथून मागच्या दारापर्यंतचं अंतर, आणि पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंतची आतली लांबी. सीट तुम्ही नेहमी जिथे ठेवता तिथेच ठेवून मोजा. इथेच टाका, मी हिशेब करून देते.